माजिदानं पाडलेले तडे

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. माझं अंग काळं आहे, आणि त्या काळ्या रंगाला सगळीकडे बारीक-मोठे तडे गेले आहेत. तड्यांतून आतला लाल रंग दिसतो. मला पाहणारे म्हणतात, "बिचारी उन्हात पडून फुटली वाटतं." तसं नाही, मित्रांनो. हे तडे सोलापुरातल्या एका बाईनं चार दिवस खपून मुद्दाम पाडले आहेत. ते का पाडले, ते सांगते. गोष्ट मारहाणीची आहे, ऐकायला कठीण आहे. पण ती मीच सांगायला हवी. कारण ज्या वस्तूनं मारलं, ती वस्तू मीच होते.

मला १९७१ साली कुंडलिकनं घडवलं. तो मूळचा कुंभारी गावचा. सोलापुरात एका कापडगिरणीत फिटर होता आणि आईबरोबर, म्हणजे सोनाबाईबरोबर, चाळीतल्या एका खोलीत राहायचा. कुणाच्या तरी पाडलेल्या घराचं सागवानी दार त्यानं मिळवलं. करवतीनं कापलं, पटाशीनं कोरलं, रंध्यानं सोललं. लाकडाला हे सगळं सोसावंच लागतं. तारांचा आवाज पकडायला बंद पडलेल्या कर्ण्यातलं लोहचुंबक काढून त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे त्यानं हातानं गुंडाळले. तारेचा एक वेढा तुटला की सगळं उलगडून पुन्हा सुरुवात करायचा. शेवटी माझ्या पाठीवर, मान जिथं अंगाला जोडलेली आहे तिथं, तापलेल्या खिळ्यानं त्यानं स्वतःचं नाव उमटवलं.

"आरं, लाकडाला चटकं कशाला देतुयास?" सोनाबाई म्हणाली.

"नाव नगं व्हय तिला, आये?"

तेव्हा मला रंग नव्हता. सागाच्या रेषा दिसाव्यात म्हणून नुसतं पॉलिश होतं. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात कुंडलिक मला वाजवायचा, तेव्हा माणसं भिंतींवर चढून ऐकायची. असं वाद्य त्यांनी सिनेमाच्या पडद्यावर पाहिलं होतं. आपल्यातल्या माणसाच्या गळ्यात पाहिलं नव्हतं.

ते ऐकूनच हिंदुराव आला. त्याचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नं, जत्रा, साखर कारखान्यांचे समारंभ, सगळीकडे त्याला बोलावणी असायची. त्यानं कुंडलिकला गिरणीतून आपल्याकडे घेतलं, आणि माझ्यामुळे ही बोलावणी दुप्पट झाली. पोस्टरवर माझं चित्र गाणाऱ्या विजयमालाच्या चित्रापेक्षा मोठं असायचं.

हिंदुराव हसतमुख माणूस होता. पण त्याला राग आला की हातात जे असेल त्यानं तो मारायचा. ढोलकीवाल्याला त्यानं माइकच्या दांड्यानं मारलेलं मी पाहिलं. स्वयंपाक्याच्या अंगावर त्यानं कढत चहाची किटली फेकलेली पाहिली. मारून झालं की तो मोठ्यानं हसायचा आणि म्हणायचा, "चला, उठा. कार्यक्रम हाय." सगळे उठायचे. कुंडलिकही खाली मान घालून उठायचा. हे तीन वर्षं चाललं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आम्ही करमाळ्याकडच्या एका गावी गेलो होतो. भर दुपारी स्टेजच्या मागे तालीम चालली होती. विजयमालाचा घसा धरला होता. तिनं दोन गाणी कशीबशी म्हटली आणि खाली बसली.

"मालक, आवाज फुटंना. सांजच्याला म्हनते की."

हिंदुरावनं कमरेचा पट्टा काढला. पहिला फटका तिच्या पाठीवर बसला, दुसरा मानेवर. ती तोंड झाकून कण्हत होती आणि बाकीचे आपापली वाद्यं पुसत होते. कुंडलिकनं मला पेटाऱ्यावर ठेवलं आणि पुढं होऊन पट्टा धरला.

"मालक, बास. बाईमानसावर हात टाकू नगा."

"सोड."

"न्हाय सोडत."

हिंदुरावनं पट्टा सोडून दिला. मला वाटलं, संपलं. पण त्यानं वळून दोन्ही हातांनी माझी मान पकडली आणि मला डोक्यावर उचललं.

पहिला घाव कुंडलिकच्या डाव्या कानावर बसला. तो गुडघ्यांवर आला. डोकं वाचवायला त्यानं डावा हात वर केला, तर दुसरा घाव त्या बोटांवर बसला. हाडं मोडल्याचं मला कळलं, कारण ती माझ्याच अंगावर मोडली. तिसऱ्या घावाला माझ्या मानेच्या सांध्यापासून उभी चीर गेली आणि सागाची एक चिलपी उडाली. तारा झणझणत राहिल्या. माझ्यातून निघालेला तो सगळ्यात वाईट आवाज होता, मित्रांनो. कुंडलिक मातीत पडला होता आणि त्याच्या कानातून रक्त येत होतं. ते माझ्या पाठीवरही होतं, त्याच्या नावाच्या अक्षरांत भरलेलं.

त्याला ट्रकमध्ये घालून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. "ट्रकवरून पडला," हिंदुरावनं सांगितलं. वाजवणाऱ्यांनीही तेच सांगितलं. विजयमाला काहीच बोलली नाही. कुंडलिक दहा दिवस बेशुद्ध होता, आणि शुद्धीवर आला तेव्हा त्याला त्या दुपारचं काहीही आठवेना. डावा कान कायमचा गेला. डाव्या हाताची तीन बोटं परत वाकलीच नाहीत.

हिंदुरावनं मला जाळून का टाकलं नाही? पुढच्या हंगामाची पोस्टरं छापून झाली होती आणि दुसरी गिटार मुंबईशिवाय मिळत नव्हती. म्हणून तो मला पोत्यात गुंडाळून अक्कलकोट रस्त्यावरच्या हुसेनसाबच्या शेडमध्ये घेऊन गेला.

हुसेनसाब ट्रक रंगवायचे. पाट्या, फुलं, वाघ, मोर, सगळं त्यांच्या हातचं. त्यांची मुलगी माजिदा विधवा होऊन माहेरी आली होती आणि चार वर्षांत बापाइतकीच तयार झाली होती. हिंदुरावनं पोतं सोडलं.

"अशी रंगवा, की कुणी वळखता कामा नये. नाव घासून काढा. चीर बुजवा."

हुसेनसाबनी मला पालथं केलं. डाग पाहिला आणि मला खाली ठेवलं. "नक्को, साहेब. ये खून है. ये काम हम नक्को करते."

हिंदुरावनं म्हाताऱ्याच्या कानाखाली मारली. ते रंगाच्या डब्यांवर पडले. उठायला त्यांनी उजवा हात जमिनीवर टेकला, तर हिंदुरावनं त्या हातावर बूट ठेवला आणि टाच फिरवली. माजिदा किंचाळत धावली. त्यानं तिला ढकललं.

"चार दिसांनी येतो. काम झालं नसलं तर दुसरा हात हाय अजून."

माजिदानं बापाचा हात पाण्यात धरला. दोन बोटं जागच्या जागी काळी पडली होती. मग ती माझ्यासमोर बसली आणि बराच वेळ माझ्या पाठीवरचं नाव वाचत राहिली. बोटानं तिनं चीर चाचपली.

"अब्बा," ती म्हणाली, "मैं करती ये काम."

हुसेनसाबनी तोंड फिरवलं.

तुम्हांला तड्यांची करणी सांगते. सरस म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा चिकट गोंद. सुतार तो लाकूड जोडायला वापरतात. सरस नीट वाळायच्या आत त्यावर तेलाचा रंग दिला, तर सरस आकसतो आणि वरचा रंग फाडतो. ट्रकवर असं झालं तर ती रंगाऱ्याची चूक. माजिदाच्या हातून ती चूक एकदा झाली होती, आणि फाटलेला रंग तिला सुंदर दिसला होता.

तिनं मला खरखरीत पॉलिश कागदानं घासलं. सागाच्या रेषा पुसट झाल्या. मला लाल रंग दिला, वाळू दिला. मग गरम सरसाचा हात फिरवला आणि तो ओलसर असतानाच वर काळा रंग ओढला. ब्रश एकाच दिशेनं, एकदाच. परत फिरवायचा नाही. मग तिनं मला मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर ठेवलं. थोड्याच वेळात माझी कातडी ताणू लागली. आधी कडेला एक बारीक रेघ फुटली, मग तिला फाटे फुटले, आणि पाहता पाहता अंगभर काळा रंग फाटत गेला. प्रत्येक फटीतून लाल वर आला. फार दुखलं. कुंडलिकनं मन लावून गुळगुळीत केलेलं अंग होतं ते.

पण पाठीवरच्या नावाला तिनं घासायचा कागद लावला नव्हता. तळहाताएवढा तो भाग, नाव, चीर आणि रक्ताचा डाग, तिनं तसाच ठेवला. तिथं लाल रंग दिलाच नाही. सरसातच लाल पूड कालवून जाड थर दिला आणि वर काळा रंग. वाळल्यावर सगळीकडे व्हार्निश फिरवलं, तेवढा भाग सोडून.

हुसेनसाब खाटेवरून पाहत होते. "उधर वार्निश रह गया," ते हळूच म्हणाले.

"हौ," माजिदा म्हणाली.

म्हातारा उठून तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून उभा राहिला.

हिंदुरावनं मला उन्हात फिरवून पाहिलं आणि खूश झाला. "एवढ्या तड्यांत आता एक तडा कोन हुडकनार!"

पण तिकडे सोनाबाई गप्प बसली नव्हती. दवाखान्यात कुंडलिकच्या कानामागून डॉक्टरनं लाकडाची एक चिलपी काढली होती. सोनाबाईनं ती पदराच्या गाठीला बांधली. चिलपीवरचं पॉलिश तिनं ओळखलं होतं, ते तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. ती रोज पोलीस चौकीच्या पायरीवर जाऊन बसायची. शेवटी फौजदारानं हिंदुरावला गिटार घेऊन बोलावलं. साक्षीला विजयमालालाही आणायला सांगितलं.

"ही नवी हाय, सायेब," हिंदुराव म्हणाला. "जुनी मोडली, चुलीत घातली. ही कोरी आनली आन् हुसेनसाबकडनं रंगवली. इचारा त्येस्नी."

बोटं चिरडलेला माणूस काय बोलणार, अशी त्याची खात्री होती. फौजदारानं हुसेनसाबना बोलावून घेतलं. पण त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता, म्हणून त्यांच्याबरोबर माजिदाही आली.

"कोरी होती का?" फौजदारानं विचारलं.

"साहेब, थोडं पाणी द्या," माजिदा म्हणाली.

तिनं ओढणीचं टोक भिजवलं, माझ्या पाठीवर ठेवलं आणि तळव्यानं दाबून धरलं. पाणी तड्यांतून आत गेलं. सरस पाण्यानं सुटतो. तिनं ओढणी ओढली, तशी काळी साल तिच्याबरोबर निघून आली. दुसऱ्यांदा पुसल्यावर लाल चिखलाखालून अक्षरं वर आली: कुंडलिक. त्यांच्यात तपकिरी डाग होता. सोनाबाईनं पदराची गाठ सोडली आणि चिलपी चिरेत ठेवली. ती बरोबर बसली.

हिंदुरावनं एका झेपेत मला टेबलावरून उचललं. पुन्हा तीच पकड, माझ्या मानेवर. फौजदारासमोर त्यानं मला माजिदाच्या डोक्यावर उगारलं. मी किती आक्रोश केला असता, मित्रांनो! पण मला आवाज नव्हता. माझ्या तारा कुणी छेडल्याशिवाय मी बोलू शकत नाही.

त्याचा हात खाली आला नाही. बाकावर बसलेल्या विजयमालानं त्याच्या दंडाला दात लावले होते. त्यानं तिला भिंतीवर आपटलं, तरी तिनं सोडलं नाही. दोन शिपायांनी त्याला खाली पाडलं. मी फरशीवर पडले.

"ह्यानंच मारलं, सायेब," विजयमाला ओठावरचं रक्त पुसत म्हणाली. "माझ्याम्होरं मारलं. मी भ्याले हुते."

हिंदुरावला सजा झाली. मी तीन वर्षं कोर्टाच्या कोठडीत पुराव्याची चिठ्ठी बांधून पडून होते. मग मला कुंडलिकच्या हवाली केलं. त्यानं मला घरी आणलं, चाळीच्या अंगणात ठेवलं आणि कुऱ्हाड आणली.

"फोड," सोनाबाई म्हणाली. "मला बी बघवत न्हाय."

त्यानं कुऱ्हाड उचलली. मी वाट पाहत राहिले. त्याचा हक्कच होता. पण त्यानं कुऱ्हाड भिंतीला लावून ठेवली आणि पक्कड आणली. एकेक करून माझ्या सहाही तारा तोडल्या, आणि मला माजिदाच्या शेडमध्ये पोहोचतं केलं. "तुमीच ठेवा," तो तिला म्हणाला. नंतर तो कधी आला नाही.

तेव्हापासून मी भिंतीवर आहे. माझ्यावर धूळ बसते, ती माजिदा पुसते. पाठीवरचा तो भाग तिनं पुन्हा रंगवला नाही. मला कुणी वाजवावं, अशी माझी मागणी नाही. एकच विनवणी आहे. वस्तूंना जपा असं सगळेच सांगतात. मी माणसांना जपायला सांगते. राग सगळ्यांना येतो, तुम्हांलाही येईल. तो आला की आधी हातात जे असेल ते खाली ठेवा. पट्टी असो, बॅट असो, पाण्याचा तांब्या असो. कारण, मित्रांनो, तुम्ही उचललंत की आम्हांला नाही म्हणता येत नाही.