जांभळी होडी

मित्रांनो, मालवण बंदराच्या वाटेवरील एका स्टुडिओत धूळ खात बसलेला मी एक जुना फोटो-प्रिंटर आहे. एके काळी माझ्या रंगांची ख्याती होती. माझे मालक भाई खाऱ्या हवेपासून मला कापडाखाली झाकून ठेवीत. लग्नातले शालू, दशावतारी राजांचे मुकुट मी हुबेहूब छापले. पुढे लोकांचे फोटो मोबाइलमध्येच राहू लागले आणि मी विस्मृतीत गेलो.

मग एके दिवशी सुदेश या मच्छीमाराची होडी समुद्रातून परतली नाही. शोधाला निघणाऱ्या प्रत्येक ट्रॉलरवर लावण्यासाठी भाईंनी माझ्याकडून तिचे फोटो छापून घेतले. कागद नवा होता आणि घाई फार होती. ओले फोटो तसेच बंदरावर गेले.

दुसऱ्या दिवशी शोधाला गेलेल्या एका ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे नावाड्यांचा म्होरक्या, चंदन त्यांतला एक फोटो घेऊन आला. सुदेशची बायको तुळसा तेव्हा दुकानाच्या पायरीवरच बसली होती.

"भाई, ही होडी खंय गावाक नाय. काल एक लांबसून दिसली, पण ती हिरवी. आमी जांभळी शोधी होतव, म्हणान फुडे गेलव."

तुळसाने फोटो हिसकावला. "जांभळी? माझो घोव जांभळ्या होडयेतसून नाय गेलो रे!"

"स्क्रीनवर तर हिरवीच दिसता गो," भाई पुटपुटले.

ती धावत घरी गेली आणि रंगाच्या डब्याचे झाकण घेऊन आली. "ह्यो रंग. नारळी पुनवेआदी दोगांनी मिळान लावललो."

चंदनने झाकण निरखले. "मी निघतंय. पण एवढ्या दर्यात एकटो खंय खंय बघू? बाकीच्यांका खरो फोटो द्या, भाई!"

अंदाजाने भाईंनी स्क्रीनवर लाल रंग कमी केला, तर होडी राखेसारखी उमटली. तुळसा हुंदके देऊ लागली. तेव्हा भाई तंत्रनिकेतनात शिकल्याप्रमाणे मुळापासून तपासू लागले. आधी माझ्याकडून चाचणीच्या रेघा काढून घेतल्या. एकही रेघ तुटलेली नव्हती, म्हणजे शाई ठीक होती. मग चूक सापडली. कागदाला साजेसे रंग संगणक आधीच बदलून पाठवीत होता आणि तेच रंग मी पुन्हा बदलीत होतो. भाईंनी माझी रंग बदलण्याची सोय बंद केली, संगणकात नव्या कागदाचे रंग-प्रोफाइल निवडले, छोटा तुकडा छापला, वाळू दिला आणि दारातल्या उजेडात झाकणाशेजारी धरला.

"ह्योच! ह्योच रंग!" तुळसा ओरडली.

नवे फोटो घेऊन ट्रॉलर सुटले. सुदेश सापडला. इंजिन बंद पडून तो वाहत गेला होता. बरा झाल्यावर तो स्टुडिओत आला. ओठांच्या भेगा अजून मिटल्या नव्हत्या.

"भाई, एक ट्रॉलर दिसललो. शर्ट हलवन हलवन दमलंय. तरी फुडे गेलो. कित्याक?"

भाई माझ्या झाकणावर पडलेल्या जांभळ्या फोटोकडे पाहत राहिले.

मित्रांनो, खरे-खोटे आम्हा यंत्रांना कळत नाही. आम्हाला जपा, आणि छापलेला पहिला कागद उजेडात नेऊन खऱ्या वस्तूशेजारी धरल्यावाचून पुढे जाऊ देऊ नका. त्याच्या भरवशावर कुणीतरी दर्यात शर्ट हलवीत असेल.