कडूबाईच्या उसाची तारीख

मी एक जुनी फ्लॉपी आहे, मित्रांनो. काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ. सध्या दिनकररावांच्या चहाच्या ग्लासावर झाकण म्हणून असते. पण एक्क्याण्णव साली, परभणीकडच्या साखर कारखान्यात, मला शिपाईसुद्धा दोन्ही हातांनी उचलायचा.

तेव्हा कारखान्यात दोन कॉम्प्युटर आले होते. ऊस कधी लावला ते शेती खात्याच्या कॉम्प्युटरला माहीत, ऊस तोडणाऱ्या मजुरांची टोळी कधी पाठवायची ते तोडणी खात्याचा ठरवणार. दोघे दोन कंपन्यांचे, एकमेकांशी बोलत नसत. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा, हे माझं काम. माझ्याआधी ते भुजंग नावाचा कारखान्याचा माणूस करायचा. सायकलवर हिंडून त्याला शेतन् शेत पाठ झालं होतं. मी आले आणि त्याला घरी बसवलं. तेव्हा मला फार अभिमान वाटला. लाज आत्ता वाटते.

झरीच्या कडूबाईने, एकटीने कसून, दीड एकर ऊस पाच जानेवारीला लावला होता. पहिलं यंत्र आधी दिवस लिही, मग महिना. दुसरं आधी महिना वाची. माझ्यावरचं ५-१ त्याने एक मे वाचलं, आणि तिची पाळी चार महिने पुढे गेली. बारा तारखेनंतरच्या लागणी तर त्याला वाचताच येत नसत, कारण तेरावा महिना नसतो. त्या तोडणी खात्याचे कारकून दिनकरराव हाताने भरत आणि "फ्लॉपी खराब हाय" म्हणत. चूक तिथेच झाकली गेली.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत उसाला तुरे आले, तो वाळू लागला. कडूबाई रोज तोडणी खात्यात येऊन उभी राही.

"साहेब, मे मधी कोण ऊस लावतंय?"

"कॉम्प्युटरमधी तेच हाय, बाई. तो काय तुमचा दुश्मन हाय का?" दिनकरराव म्हणत.

जळालेला ऊस कारखाना सगळ्यांच्या आधी उचलतो, कारण तो चार-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. चार मार्चला कडूबाईने स्वतःच्या हाताने उसाला काडी लावली आणि तशीच कारखान्यात आली. शेती खात्याने तिचं नाव जळिताच्या यादीत घातलं. यादी माझ्यावर चढली. दुसऱ्या यंत्राने ४-३ वाचलं, तीन एप्रिल.

"बाई, तुमचा ऊस अजून जळालाच न्हाई," दिनकरराव पडद्याकडे बघत म्हणाले. तिच्या काळ्या हातांकडे त्यांनी पाहिलं नाही.

मित्रांनो, मला धूळ लागू नये म्हणून लोक किती जपायचे. तुम्ही यंत्राला यंत्र जोडाल, तेव्हा आधी एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला कळतं का ते बघा. आणि समोर उभ्या माणसाला एकदा विचारा.

टोळी झरीला आली, ती बरोबर तीन एप्रिलला. दिनकररावांनी यादीत कडूबाईच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि मला चहावर ठेवलं.