पहिली बास्केट पडेपर्यंत

गादी म्हटलं की लोकांना राजे-महाराजे आठवतात. तसलं काही मनात आणू नका. मी बुडाखालची गादी बोलतेय. हातभर लांब, हातभर रुंद, एका कोपऱ्यात शिवण उसवलेली. बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये त्या प्लास्टिकच्या थंडगार खुर्च्या असतात ना, त्यांच्यावर टाकायला मला शिवलं. सगळा जन्म मी बगळ्यांच्या सामन्यांना गेले, आणि खरं सांगते, एकही सामना डोळ्यांनी पाहिला नाही. कसा पाहणार? माझ्यावर सदानकदा माणूस बसलेला!

बगळे म्हणजे आमच्या शहराचा संघ. पगारी खेळाडूंचा, मोठ्या लीगमध्ये खेळणारा. हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण पोरं नावाला जागली. चेंडू नाकासमोरून जायचा आणि हे एका पायावर ध्यान लावून उभे. "खरा बगळा निदान मासा तरी पकडतो," असं आई म्हणायची.

आई म्हणजे मला शिवणारी. घरी बसून लोकांचे पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांना वर-खाली पोचवण्याची काळजी, आणि संध्याकाळी बगळ्यांची. त्यांची एकुलती एक लेक ठेंगणी-ठुसकी, म्हणून घरीदारी सगळे तिला ठमी म्हणायचे. बाबांनी ठमीला पहिल्यांदा सामन्याला नेलं, तेव्हा पुढच्या माणसाच्या टकलाशिवाय तिला काही दिसलं नाही. घरी येऊन तिनं असं भोकाड पसरलं की शेजारी विचारायला आले, पोरीला मारलंत की काय!

दुसऱ्या दिवशी आईनं एका सोफ्याचं उरलेलं जाड निळं कापड काढलं. आत फोमचे तुकडे कोंबले, ते पुरेनात म्हणून बाबांचा जुना स्वेटर कोंबला, आणि एका कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यानं बगळा काढला. बगळा कसला, मिटलेली छत्रीच दिसते ती. पण ठमी खूश झाली. माझ्यावर बसून तिला टकलापलीकडचं जग दिसलं. मी तिच्यासाठी जन्मले, म्हणून मीही त्यांना आई आणि बाबाच म्हणते. मला कुणी अडवलेलं नाही.

आता आमच्या स्टेडियमचा एक रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सामना सुरू झाला की बगळ्यांची पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी बसायचं नाही. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, पाय दुखणारे, सगळे उभे. पहिली बास्केट पडली की एकदम हुश्श करून सगळे खाली. दुसऱ्या कुठल्या संघाचा असा रिवाज असता तर लोक नीट उभे राहायच्या आधीच परत बसले असते. आमच्या नशिबी बगळे. सुरुवातीला मी खुर्चीवर एकटीच पडून असायची आणि वरून भोंगाकाकूचा आवाज यायचा, "अरे टाका रे बाबांनो, माझ्या पायाला मुंग्या आल्या!"

भोंगाकाकू आमच्या शेजारच्या खुर्चीवरची. तिचं कपडे धुण्याचं दुकान होतं, आणि यंत्रांच्या घरघरीवर ओरडून ओरडून तिचा गळा असा तयार झाला होता की तिला भोंगा आणायची गरजच नव्हती. कुणी चुकून आधी बसलं, की ती त्याला काखेत हात घालून उठवायची. "तुझ्यामुळे हरलो तर?" असं विचारायची. लोक हसायचे. पण हसत हसत उठायचे सुद्धा.

सामना मला अंगावरूनच कळायचा. माणूस पुढे सरकला म्हणजे चेंडू आपल्याकडे. मागे टेकला म्हणजे गेला. एकदम भार निघून गेला आणि पुन्हा धपकन पडला, म्हणजे बास्केट. सावकाश उठून सावकाश बसला, म्हणजे चेंडू बास्केटच्या कड्यावर फिरून बाहेर आला. ते सावकाश बसणं माझ्या वाट्याला फार आलं.

ठमी वाढली. उंची बेताचीच राहिली, पण कॉलेजात गेल्यावर मानेनं उंच झाली आणि गादीवर बसायची लाज वाटायला लागली. मग मी बाबांच्या वाट्याला आले. लिफ्टच्या खड्ड्यात वाकून वाकून त्यांची कंबर धरायची. ते माझ्यावर बसायचे तेव्हा एक "आई गं" म्हणायचे आणि मग सामना बघायचे.

आई कधीच स्टेडियमवर आली नाही. "घरात दोन वेडे पुरेत" म्हणायची. पण बाबा परत आले की दार उघडायच्या आधी आतूनच विचारायची, "काय झालं?" आणि बाबा बाहेरून म्हणायचे, "ये रे माझ्या मागल्या." मग दार उघडायचं. हरून आलेल्या माणसाला ती पानात जरा जास्तच वाढायची.

एक वर्ष मात्र बगळ्यांनी कमाल केली. कसं कुणास ठाऊक, उपांत्य सामन्यापर्यंत पोचले. भोंगाकाकू म्हणाली, "आंधळ्याच्या गाई देव राखतो." शहरात जिकडेतिकडे निळे झेंडे. आणि नेमकी त्याच दिवसांत आई हॉस्पिटलात. आधी थकवा म्हणत होते, मग तपासण्या झाल्या, आणि मग डॉक्टर बाबांशी दाराबाहेर बोलायला लागले.

बाबा रोज रात्री तिच्या उशाशी बसून जागायचे. सामन्याच्या दिवशी त्यांनी जायचा विषयच काढला नाही. आईनंच काढला. "जा हो. इथं बसून माझं तोंड किती वेळ बघणार? ठमी आहे माझ्याजवळ. निकाल सांगायला मात्र धावत या."

बाबा मला काखेत मारून गेले. स्टेडियम खच्चून भरलेलं. सामना सुरू झाला, सगळे उभे. आणि बाबा बसले. मुद्दाम नाही हो बसले. इतक्या रात्रींचं जागरण, पायातला जीवच गेला. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला.

"अहो भाऊ! उठा की! अजून पडली नाही आपली!" भोंगाकाकू ओरडली. बाबा दचकून उठले. लोक हसले, कुणी शिट्टी मारली. त्या दिवशी सामना शेवटपर्यंत तोलात होता. बाबा माझ्यावर जेमतेम टेकत होते. शेवटच्या क्षणी चेंडू हवेत गेला तेव्हा सगळं स्टेडियम गप्प झालं, आणि मग बाबा सावकाश खाली बसले. मला कळलं. एका गुणानं गेला होता सामना. मागच्या रांगेतला एक जण बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भाऊ, तुम्ही बसलात तिथंच घात झाला बघा!" तो थट्टा करत होता. बाबा हसले नाहीत.

तिथून आम्ही थेट हॉस्पिटलात गेलो. आईनं डोळे उघडले आणि नेहमीचंच विचारलं, "काय झालं?"

बाबा म्हणाले, "जिंकलो."

त्यांच्या काखेत होते मी. त्यांनी मला घट्ट आवळलं.

आई हसली. "अगं बाई! मग मला बरं व्हायलाच हवं. फायनलला येते मी तुमच्याबरोबर. ती गादी मला द्यायची, सांगून ठेवते."

फायनलच्या आधीच ती गेली. फायनल दुसरेच दोन संघ खेळले.

त्यानंतर बाबा बदलले. लिफ्टची कामं करायचे, भात-आमटी स्वतः करून खायचे, सामन्यांना यायचे. पण पहिली बास्केट पडायच्या आधी त्यांनी कधी साधा हातही माझ्यावर टेकवला नाही. ठमीला नोकरी लागली, लग्न झालं, ती दुसऱ्या शहरात गेली. बाबांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी बजावलं, जास्त वेळ उभं राहू नका. बाबांनी मान डोलावली आणि पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहायचे, गुडघे कापायचे, कपाळावर घाम. भोंगाकाकूलाच शेवटी बघवेना. "बसा हो भाऊ, मी नाही सांगत कुणाला." बाबा म्हणायचे, "नको. एकदा बसलो होतो."

तिकडे बगळ्यांची पार रया गेली. चांगले खेळाडू दुसरीकडे गेले, प्रशिक्षक येऊन जायचे, त्यांची नावं पाठ व्हायच्या आधी. स्टेडियम रिकामं होत गेलं. इतकं, की आता ठमी आली असती तर तिला गादीशिवाय सगळं नीट दिसलं असतं. समोर टक्कलच उरलं नव्हतं. लोक बाबांना विचारायचे, "कशाला जाता? काय मिळतं?" बाबा म्हणायचे, "हरणाऱ्यांना बघायला कुणीतरी नको का?"

मग एका हंगामाच्या शेवटी माइकवरच्या माणसानं सांगितलं, संघ बंद होतोय. मालकांना परवडत नाही. पुढचा सामना शेवटचा.

त्या शेवटच्या सामन्याला सोडून गेलेली पुष्कळ माणसं परत आली होती. लोकांचं असंच असतं. आजाऱ्याला भेटायला येत नाहीत, पोचवायला मात्र गर्दी करतात. सगळे उभे राहिले. आणि बगळ्यांची पहिली बास्केट काही पडेना. चेंडू या बाजूनं गेला, त्या बाजूनं गेला, कड्यावर नाचला, बाहेर. बाबांचे पाय माझ्यासमोर लटलटत होते. भोंगाकाकूनं त्यांना दंडाला धरलं होतं, आणि ती पहिल्यांदाच ओरडत नव्हती. शेवटी पडली एकदाची! बाबा माझ्यावर कोसळले तेव्हा माझी ही कोपऱ्यातली शिवण उसवली.

हरले अर्थातच. भोंगा वाजला. माइकवरचा माणूस आभार मानायला लागला आणि मध्येच थांबला. मग सगळे आपोआप उठून उभे राहिले. कुणी जाईना. बऱ्याच वेळानं भोंगाकाकू डोळे पुसत म्हणाली, "चला भाऊ. आता उभं राहायचं कशासाठी?"

"पुढच्या सामन्यासाठी," बाबा म्हणाले.

मला वाटलं, बोलायची पद्धत. तसं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी मला खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवर ठेवलं, आणि त्या दिवसापासून ते त्या खुर्चीवर बसले नाहीत. चहा ओट्याशी उभ्यानं. पेपर दाराजवळच्या टणक स्टुलावर. कंबर धरली की माझ्याकडे बघायचे आणि दुसरीकडे जायचे. माझ्यावर धूळ बसली, माणूस नाही. सगळा जन्म मी कुरकुरले, अंगावर सतत ओझं म्हणून. ओझं नसणं काय असतं ते आता कळलं. बाई गं, फार वाईट.

परवा ठमी आली. घर आवरलं, धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत बसली. बाबा भिंतीला टेकून उभे.

"बाबा, खुर्ची रिकामी आहे की. बसा ना."

"असू दे."

"अहो, गुडघे बघा तुमचे. गादी पण आहे वर."

"पहिली बास्केट पडली नाही अजून," बाबा म्हणाले.

ठमी हसायला लागली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून थांबली. आणि बाबांनी इतक्या वर्षांत कुणाला न सांगितलेलं सांगितलं. बसलो होतो, डोळा लागला होता, सामना गेला, तुझ्या आईशी खोटं बोललो, आणि ती गेली. "ती शेवटी खोटं ऐकून गेली गं. माझ्या तोंडून."

ठमीच्या हातात मोज्यांची जोडी होती. तिनं त्या जोडीचा गोळा करून बाजूला ठेवला.

"बाबा, आईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नर्सबाईंनी रेडिओ आणून दिला होता. सगळा सामना ऐकला आम्ही. हरलो तेव्हा आई म्हणाली, आता हे तोंड पाडून येतील. तुम्ही 'जिंकलो' म्हणालात आणि ती हसली ना, ती त्यालाच हसली. नंतर मला म्हणाली, कधी नव्हे ते खोटं बोलले, किती जड गेलं असेल त्यांना. त्यांना सांगू नकोस. शपथ घातली मला."

बाबा भिंतीला टेकून तसेच उभे. ओठ तेवढे हलत होते.

ठमीनं मोज्यांचा गोळा उचलला आणि कोपऱ्यातल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीकडे फेकला. चुकला. दुसरी जोडी फेकली. टोपलीच्या काठाला लागून बाहेर.

"बगळ्यांचीच शोभतेस," बाबा म्हणाले.

तिसरा गोळा आत पडला.

"पडली, बाबा. बसा आता."

बाबा आले. खुर्चीचा हात धरला, "आई गं" म्हणाले आणि माझ्यावर बसले. किती हलके झालेत हो! पूर्वी माझा फोम चेपायचा, आता जेमतेम दबला. मग ते पुढे वाकले, तोंड हातांत घेतलं आणि रडले. लहान मुलासारखे, हुंदके देऊन. ठमी त्यांच्या पायाशी बसून गुडघे चोळत राहिली. खुर्ची हलत होती, तिच्याबरोबर मीही हलत होते.

मी आता म्हातारी झाले. फोमचा भुगा झालाय, छत्रीसारखा बगळा पुसट झालाय, आणि आमचा संघ काही परत यायचा नाही, हे मलाही कळतं. ठमी म्हणाली, "बाबा, गादी फाटली, नवीन घेऊ." बाबा म्हणाले, "हीच राहू दे." एवढं मला पुरे. तुमच्याकडे मागायचं तर एकच मागते. तुमच्या घरात कुणी असं भिंतीला टेकून उभं असेल, तर कशासाठी उभं आहे ते एकदा विचारा. आणि काहीतरी टाका त्या टोपलीत. दोनदा चुकलं तरी टाका.

आता गप्प बसते. बाबा पेपर घेऊन इकडेच येताहेत.