कॅप्टन तडितचा सहावा बॉक्स

विश्रामकाकाने पिंडाला हात जोडले. "संदेश, तुझ्या आईला आम्ही अंतर देणार नाही."

कावळा कठड्यावरून हलला नाही. हलेल कशाला? काका राहतो टिटवाळ्याला आणि दोन वर्षांत ठाकुर्लीला आमच्याकडे एकदाच आलेला, तोही मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. हे मला माहीत, तर संदेशला माहीत नसेल?

संदेश माझा मोठा भाऊ. चौतीस वर्षांचा. बाळकुमच्या ऑफिसात भरदुपारी खुर्चीत बसल्याबसल्या गेला. आज त्याचं दहावं, कल्याणला खाडीवर. क्रियेला चुलतभाऊ साकेत बसलेला. आमच्यात बायका घाटावर येत नाहीत, पण आईने कोणाचं ऐकलं नाही आणि तिला सांभाळायला म्हणून मी आले. दाताला भूल दिली की गाल कसा आपला वाटत नाही, तशी मी दहा दिवस अख्खीच होते. लोक गळ्यात पडून रडत होते आणि मी मनात चहाचे कप मोजत होते.

शेजारच्या कुठल्याशा आजोबांचा पिंड ठेवल्याठेवल्या कावळा शिवला. त्यांची सून तर चक्क हसली. आमचा कावळा मात्र मान वाकडी करून नुसता बघत होता.

"दादा, तुझी बाईक मी जीवापाड जपेन," साकेत म्हणाला. बाईक त्याला देणार असं अजून कोणीही बोललेलं नव्हतं.

"लग्नाचं राहिलं त्याचं," आई म्हणाली. "मी येता-जाता टोचायचे ना. तोच राग धरून बसलाय."

ऊन चढलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं. "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्राला चालतं."

"माझा मुलगा खरा होता, कावळा पण खराच हवा," आई म्हणाली. "तो शिवेपर्यंत मी इथून हलणार नाही."

तिला शुगर आहे. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ही आता इथेच पडणार, हे मला साफ कळत होतं. एक तर गेलाच, आता हिला पण घालवायची का?

"काहीतरी इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "आठवून बघा."

आठवायचं काय त्यात? मला पहिल्यापासून माहीत होतं. पण अशा जागी बोलणार कसं?

कॅप्टन तडित. आमच्या लहानपणीची कार्टून मालिका. अंगात वीज असलेला हिरो, निळा मुखवटा, सगळं तेच ते. चॅनलने ती शेवटाआधीच बंद केली आणि उरलेले भाग डीव्हीडीवर येणार असं जाहीर झालं. संदेश पेटलाच. पॉकेटमनीतून एकेक बॉक्स घ्यायला लागला. पाच आले. पाचही शेजारी उभे केले की त्यांच्या पाठींवर मिळून कॅप्टन उडताना दिसायचा, फक्त त्याला पाय नव्हते. पाय सहाव्यावर. सहावा आलाच नाही. डोंबिवली स्टेशनजवळचा दुकानवाला "पुढच्या महिन्यात" म्हणत राहिला आणि एके दिवशी मोबाईलची कव्हरं विकायला लागला. कंपनीने तो धंदाच गुंडाळला. नेटवरही शेवट कुठे नाही, कोणाला पडलेली एवढी! पण हा बाबा तिशीनंतरही कंपनीला मेल टाकायचा. मी म्हणायचे, वेड लागलंय तुला. तर म्हणायचा, "अगं, एकदा कळू तर दे त्याचं काय झालं."

मी पुढे झाले. बॉक्स आणून देते म्हणणार होते, पण मग माझ्यात आणि काकात फरक काय?

"संदेश," मी म्हणाले, "सहावा बॉक्स निघालाच नाही रे. निघणारही नाही. शेवट मी सांगते, ऐक."

"कसला बॉक्स?" काकाने विचारलं. मग त्याची ट्यूब पेटली. "अगं ए संचिता, ही काय कार्टूनची जागा आहे? लाज आहे का जरा?"

"तिला बोलू दे," आई म्हणाली.

पाचव्यात शेवटी कॅप्टन समुद्रात पडतो आणि अख्खं शहर त्याला मेला समजतं. पुढचं मला काय कप्पाळ ठाऊक! पण सुरू केलंच होतं.

"तो मेला नव्हता. अंगातली वीज तेवढी संपलेली. पोहत किनाऱ्याला आला. मुखवटा काढून फेकून दिला. मग तसाच ओल्या कपड्यांनी चालत निघाला. रस्त्यात कोणी ओळखलं नाही."

"कुठे निघाला?" आईने विचारलं.

"घरी. दुसरीकडे कुठे जाणार?"

"घरी कोण होतं त्याच्या?"

मालिकेत त्याचं घर कधी दाखवलंच नव्हतं. "आई होती," मी म्हणाले.

"ओरडली असेल."

"ओरडली तर! म्हणाली, इतका वेळ कुठे उंडारत होतास? मग टॉवेल दिला. डोकं पुसलं."

साकेत खाली बघत होता. कावळा कठड्यावरच होता, पण आईचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आणि जेवला का तो?"

गेला त्या दिवशी संदेशचा डबा ऑफिसातून न उघडताच परत आला होता. भेंडीची भाजी, चपात्या, सगळं जसंच्या तसं. कामवालीला हात लावू न देता आईने तो स्वतः घासला होता, कितीतरी वेळ.

"जेवला," मी म्हणाले आणि तिथे मला रडू फुटलं.

"पोटभर?"

"पोटभर, आई. दोनदा भात मागून घेतला."

आईने पदराने माझं तोंड पुसलं. मग गुरुजींकडे वळली.

"करा तुम्ही दर्भाचा कावळा," ती म्हणाली. "जेवलाय तो."