एक जुनी आरामखुर्ची हवी आहे

दर गुरुवारी मी पत्रक काढते. शाळेकडून पालकांना. फोटो कधी, सुट्टी कधी, बस कोणत्या फाट्यावर थांबणार नाही, हरवलेल्या वस्तूंच्या पेटीतले हातमोजे घेऊन जा नाहीतर दान करून टाकू, असलं सगळं त्यात असतं. वर्षानुवर्षं काढतेय आणि वर्षानुवर्षं शुक्रवारी सकाळी फोन सुरू होतात. "ऑरी, सोमवारी शाळा आहे का गं?" मी विचारते, पत्रक वाचलंस का? "कसलं पत्रक?" झालं, माझं टाळकं सरकतं. मग मी दोन शब्द सुनावते आणि वर सोमवारचंही सांगते, म्हणून तर कोणी वाचत नाही.

तर त्या एप्रिलमध्ये नाटकाचे प्रुडन सर शाळेच्या ऑफिसात माझ्या टेबलापाशी आले. नवा पोरगा, विनिपेग शहरातून आलेला, दाढी ठेवायची की नाही हे अजून ठरत नव्हतं.

"ऑरीबाई, पत्रकात एक ओळ टाकाल? नाटकासाठी एक जुनी आरामखुर्ची हवी आहे."

"एकच ना?"

"एकच."

मी शेवटी जागा उरली होती तिथे टाकली. त्याच आठवड्यात गावाची साफसफाई होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. बर्फ वितळलं की आमच्याकडे घरोघरची तळघरं उपसतात, आणि मोठं सामान ज्याने त्याने तळ्यापलीकडच्या कचरा डेपोत नेऊन टाकायचं असतं. शाळा डेपोपेक्षा जवळ. आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक अख्ख्या गावाने वाचलं.

सोमवारी येऊन बघते तर शाळेच्या दारात खुर्च्याच खुर्च्या. मांजराने ओरबाडलेल्या, स्प्रिंगा बाहेर आलेल्या, तीन पायांच्या. एक अख्खा सोफा होता आणि त्यावर चिठ्ठी, 'खुर्ची नाही, पण चालेल ना?' मुख्याध्यापक बाईंनी ते सगळं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. त्या दिवशी मी त्यांच्या खोलीकडे फिरकलेच नाही.

प्रुडन सरांनी त्या ढिगातून हिरवी निवडली. चांगली गुबगुबीत, हातांवरची मखमल झिजून पांढरी पडलेली, पाठीवर क्रोशाचं फडकं. ती शार्लीन बोइचुकने आणली होती. तिची मुलगी आमच्याकडे नववीला आहे. गाडी चालूच ठेवून ती आत आली आणि म्हणाली, "ती हिरवी परत नको, ऑरी. नाटक झालं की टाकून द्या." एवढं बोलून गेलीसुद्धा.

पुढच्या गुरुवारी मी लिहिलं, ज्यांच्या खुर्च्या लागल्या नाहीत त्यांनी त्या शुक्रवारपर्यंत न्याव्यात. नाटकातलं सामान शेवटच्या प्रयोगानंतर डेपोत जाईल. अर्थातच कोणी वाचलं नाही.

एकाने वाचलं. वासिल बोइचुक, शार्लीनचे सासरे. त्यांना सगळं गाव गीदो म्हणतं, म्हणजे युक्रेनियन भाषेत आजोबा. टोपी हातात, पत्रक खिशात घडी करून ठेवलेलं, असे माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"पोरी, हे तू लिहितेस?" पन्नाशी उलटली माझी, पण त्यांना मी पोरगीच.

"हो गीदो. काही चुकलं का?"

"नाही, नाही. छान लिहितेस. मोठ्या अक्षरात लिहितेस." थोडा वेळ ते टोपीशी चाळा करत राहिले. "त्या खुर्च्यांत एक हिरवी आहे का गं?"

"आहे ना. तीच निवडली सरांनी. नशीब काढलं त्या खुर्चीने."

"निवडली. बरं झालं." मग हळूच म्हणाले, "म्हणजे ती डेपोत जाणार."

तेव्हा कुठे मी वर बघितलं. "तुमची होती?"

"पारास्काची."

पारास्का त्यांची बायको. नोव्हेंबरमध्ये गेली. तिच्या मातीला सगळा गाव होता, चर्चच्या तळघरात कोबीच्या पानात भात गुंडाळायला मीही बसले होते. त्यानंतर शार्लीनने गीदोंना शेतावरून गावात, आपल्या घरी आणलं. तिचा नवरा उत्तरेकडच्या खाणीवर असतो, महिन्यातून आठवडाभर घरी येतो. म्हाताऱ्याबरोबर त्यांचा पलंग आणि ती खुर्ची एवढंच सामान आलं होतं.

"शार्लीनने विचारलं नाही तुम्हाला?"

"दुपारी जरा डोळा लागला होता. उठलो तर कोपरा रिकामा."

माझा संताप संताप झाला. "थांबा, आत्ता फोन लावते तिला."

गीदोंनी फोनवर हात ठेवला. "नको. तिच्या घरात राहतो मी. माझी औषधं बघते, कपडे धुते, पोरगा इथे नसताना सगळं एकटी ओढते. एका खुर्चीपायी तिला बोल लावू? तू तिच्याशी बोलायचं नाहीस. शपथ घे."

"नाही घेत."

"घे म्हणतो ना."

घेतली. मग म्हणाले, "एकदा फक्त बघू दे."

मी त्यांना हॉलमध्ये नेलं. तालीम चालली होती. नाटकात एक खट म्हातारी असते, ती खुर्चीतून हलत नाही आणि अख्ख्या घराला नाचवते. ते काम दहावीतली सिग्नी करत होती. आम्ही गेलो तेव्हा ती बाई खुर्चीत आडवी, बुटांसकट पाय खुर्चीच्या हातावर टाकलेले, पोटावर चिप्सची पिशवी. मी ओरडणार तेवढ्यात गीदोंनी माझं कोपर धरलं. ते नुसते बघत राहिले, बराच वेळ. सिग्नीचं लक्ष गेलं तशी ती धडपडून उठली.

"बसायचंय का गीदो?"

त्यांनी एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग पुढे जाऊन टोकावर टेकले. मग जरा मागे सरले. मग पाठ टेकली आणि डोळे मिटले. मला रडूच आलं, आणि पोरांसमोर रडायचं नसतं म्हणून मी पडद्यामागे जाऊन उगाच दोऱ्या आवळत बसले.

बाहेर आले तर गीदो सिग्नीला शिकवत होते. "म्हातारी माणसं अशी टुणकन उठत नाहीत. आधी वाट बघायची, दुसरं कोणी उठतंय का. कोणीच उठलं नाही, तर मग उठायचं." पोरं खो खो हसली. प्रुडन सरांनी वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून गीदो रोज दुपारी येऊ लागले. सिग्नी आधी खुर्चीत लोळायची, मग ते बसायचे.

माझ्या मनातून मात्र शार्लीन पार उतरली. रस्त्यात दिसली तरी मी दुकानाच्या काचेत बघायची. बोलायचं नाही अशी शपथ घातली होती. लिहायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी फोटोच्या तारखेखाली मी एक ओळ घातली, 'पालकांना आठवण: घरातली वस्तू शाळेला देण्याआधी ती ज्याची आहे त्याला, तो जागा असताना विचारावे.' मुख्याध्यापक बाईंनी खाली सही केली. त्याही वाचत नाहीत.

शुक्रवारी शार्लीन दारात. हातात पत्रक.

"हे माझ्यासाठी लिहिलंस."

"सगळ्या पालकांसाठी असतं ते."

"ऑरी."

"हो, तुझ्यासाठीच लिहिलं. काय करशील?" आणि मग शपथ गेली चुलीत. पोटात साठलेलं सगळं मी भडाभडा ओकले. म्हातारा माणूस, बायको जाऊन वर्ष नाही झालं, त्याची एवढीशी गोष्ट, ती तू कचऱ्यात द्यायला निघालीस, तीही तो झोपलेला बघून. माझं संपलं तशी शार्लीन, वर्गाबाहेर काढलेली पोरं बसतात त्या बाकावर जाऊन बसली.

"त्यात ते बसायचे नाहीत, ऑरी," ती म्हणाली. "एकदाही बसले नाहीत. पलंगावर बसायचे, खुर्चीकडे तोंड करून. सकाळपासून रात्रीपर्यंत. ताट नेलं की म्हणायचे, ठेव. ते तसंच परत यायचं. एकदा चुकून मी खुर्चीवर धुतलेले टॉवेल ठेवले. त्यांनी एकेक उचलून जमिनीवर ठेवले, घडी न मोडता. मला एक शब्द बोलले नाहीत. अख्खा हिवाळा असा काढला आम्ही. मला वाटलं, हे असेच तिच्याकडे बघत बघत जातील. विचारलं असतं तर म्हणाले असते, असू दे. म्हणून नाही विचारलं."

मी तिच्याशेजारी बाकावर टेकले.

"आणि आता जेवतात," ती म्हणाली. "परवा तर बटाटा भरलेल्या पेरोही मागून घेतल्या. रोज दुपारी जाकीट चढवतात, फिरून येतो म्हणतात, आणि येतात ते भुकेजून. मला वाटलं, चला, खुर्ची गेली ते बरंच झालं. कुठे जातात गं?"

मी तिला बाही धरून हॉलमध्ये नेलं. मागच्या दाराशी उभ्या राहिलो दोघी. गीदो हिरव्या खुर्चीत रेलून बसले होते, एक पाय दुसऱ्यावर, आणि प्रुडन सरांना समजावत होते की म्हातारी चहा मागत नाही, चहा गार झाला असं म्हणते.

"बसलेत," शार्लीन पुटपुटली.

"रोज बसतात."

तेवढ्यात त्यांनी आम्हाला बघितलं. चोरी पकडली गेल्यासारखे उठायला लागले. शार्लीन स्टेजपाशी गेली.

"बसा ना गीदो. चुकलं माझं. नाटक झालं की घरी नेऊ परत. मी स्वतः नेते."

गीदोंनी मान हलवली. "नको पोरी. घरी मला नाही बसता येणार."

"का?"

गीदो झिजलेल्या मखमलीवरून हात फिरवत राहिले. "घरी या खुर्चीत शेवटची पारास्का बसलेली होती," ते म्हणाले. "मी बसलो असतो तर ते मोडलं असतं. इथे ही सिग्नी बसते, मग मी बसतो. ते चालतं." सिग्नीने चिप्सची पिशवी पाठीमागे लपवली. "नाटक होऊ दे. मग जाऊ दे तिला डेपोत. माझी काही तक्रार नाही."

शार्लीनने वाद घातला नाही. त्यांची टोपी खाली पडली होती ती उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवली आणि निघून गेली.

त्याच्या पुढच्या शनिवारी शेवटचा प्रयोग झाला. हॉल भरला होता. सिग्नी उठायच्या आधी सगळ्यांकडे एकेक करून बघते तिथे तर टाळ्या थांबेनात, आणि गीदो पहिल्या रांगेत छाती फुगवून बसले होते. प्रयोग संपल्यावर सामान डेपोच्या गाडीत चढायला लागलं. हिरव्या खुर्चीची पाळी आली तेव्हा शार्लीनने आपला ट्रक मागे घेतला.

"ही इकडे टाका."

"शार्लीन, नको म्हटलं होतं ना मी," गीदो म्हणाले. मला त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच भीती ऐकू आली.

"तुम्ही पुढे बसा आणि पट्टा लावा. ऑरी, तू दुसरी बाजू धरायला चल."

घरी पोचल्यावर खुर्ची तिने त्यांच्या खोलीत नेऊच दिली नाही. स्वयंपाकघरात खिडकीपाशी, टेबलाच्या बाजूला ठेवायला लावली. गीदो दारातच उभे राहिले, जाकीट अंगात, नजर जमिनीकडे. ते वळून खोलीत जातील आणि पुन्हा पलंगावर बसतील, अशी माझी खात्रीच झाली.

शार्लीनने बूटसुद्धा काढले नाहीत. ती त्या खुर्चीत धपकन बसली. पाठ टेकली, पाय लांब केले, दोन्ही हात मखमलीवर ठेवले. उठायची घाई केली नाही तिने. मला वाटलं होतं की ती म्हाताऱ्यासाठी बसलीय, पण हळूहळू तिचा चेहरा सैल होत गेला आणि मला कळलं की नोव्हेंबरपासून या घरात या बाईला कोणी बस म्हटलेलं नाही. मीही म्हटलं नव्हतं. गीदो मान वर करून तिच्याकडे बघत होते.

"बस," ते म्हणाले. "बस जरा. मला घाई नाही."

ती बसून राहिली. मग तिने डोळे पुसले, उठली आणि बाजूला झाली.

"या गीदो," ती म्हणाली. "आता शेवटची मी बसलेय."

गीदोंनी जाकीट काढून खुंटीला लावलं आणि येऊन बसले.