मागचं मी बघते

त्या दोघी बहिणींच्या घरात पार्लर हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. "तिथे काय सोनं लावतात केसांना?" असं थोरली म्हणायची आणि धाकटी मान डोलवायची. न डोलवून सांगते कुणाला, तिचं डोकं थोरलीच्याच हातात असायचं. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र अंथरून ती स्टुलावर बसे. थोरली प्लास्टिकच्या वाडग्यात रंग कालवी, जुन्या टूथब्रशने मुळांना लावी, मग न्हाऊ घाली आणि टोकं कात्रीने सारखी करी. रोजची वेणीही तीच घाली. चाळिशी उलटलेली बाई सकाळी उठून बहिणीपुढे वेणीला बसते, हे ऐकून लोक हसले असते. पण धाकटीला लाड करून घ्यायची जुनीच सवय होती.

केसांचा तिला भारी तोरा. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवता चढवता आरशात स्वतःकडे एक नजर टाकून घ्यायची. दुकानभर आरसे होते, पण सगळे समोरचंच दाखवणारे.

मागे, टाळूच्या जरा खाली, तिला टक्कल पडलं होतं. थोरलीला ते पहिल्यांदा दिसलं ते रंग लावताना. सांगायचं म्हणून तिने तोंडही उघडलं होतं, पण धाकटी तेवढ्यात म्हणाली, "आई म्हणायची, माझ्यासारखे केस आपल्या घराण्यात कुणाचे नाहीत." थोरलीचे स्वतःचे केस तिशीतच शेपटीवर आले होते. तिने तोंड मिटलं, वरचे केस त्या जागेवर ओढले आणि दोन पिना खोचल्या.

पहिल्या दिवशी ती माया होती, हे मान्य करायला हवं. पुढे पुढे मायेत आणखी काहीतरी मिसळत गेलं. चकती वाढली तशी थोरलीची कलाही वाढली. उरलेला रंग ती तिथल्या कातडीवरही फिरवी. "स्वतः हात लावू नकोस, गुंता होतो. मागचं मी बघते," असा तिचा दम असे. कधी धाकटीच्या बोटांना गुळगुळीत लागलंच, तर "भांग आहे तो" म्हणून ती मोकळी होई. आणि धाकटीला ते खरं वाटे, कारण खोटं वाटून घेणं तिला परवडणारं नव्हतं. आपल्यावाचून हिला उंबरा ओलांडता येत नाही, हे थोरलीला रोज सकाळी नव्याने कळायचं. रोज सकाळी ते गोडही लागायचं.

मग काचवाल्याने मागणी घातली. तो दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, कमी बोलणारा, डबा खाताना समोरच्याला आधी विचारणारा माणूस. रविवारी तो आपल्या मोठ्या बहिणीला घेऊन या दोघींच्या घरी येणार होता.

"मग मी?" थोरलीने विचारलं.

"तू काय, येत जा ना रविवारी जेवायला." धाकटी हवेत होती. "आणि तुझीही कटकट सुटली बघ. त्यांच्या गल्लीतच पार्लर आहे."

थोरलीने हातातला कंगवा पुसला आणि खिडकीत ठेवून दिला. एवढ्या वर्षांच्या वेण्यांना कटकट म्हणणाऱ्या बाईला पुढे जे झालं ते व्हायलाच हवं होतं, असं मी म्हणत नाही. पण थोरलीला तसंच वाटलं.

रविवारी तिने काही वाईट केलं नाही. फक्त रोज जे करायची ते केलं नाही. सगळे केस वर उचलून, घट्ट ओढून, टाळूवर उंच अंबाडा बांधला. कातडीवर रंगही लावला नाही.

"ताई, किती वेगळी दिसतेय मी!" धाकटी आरशात बघून म्हणाली. "मान किती लांब वाटते ना?"

"छान दिसतेस," थोरली म्हणाली. अंबाड्याखाली ती चकती वाटीएवढी लख्ख उघडी पडली होती.

पाहुणे आले. धाकटी चहा आणायला वळली आणि काचवाल्याची बहीण खुर्चीत पुढे सरकली. धाकटी बिस्किटं आणायला पुन्हा वळली, तेव्हा मात्र पाहुणीला राहवलं नाही.

"केस गळतात वाटतं तुमचे? मागे पार चकती पडलीये की हो."

"कुठे? छे!" धाकटी हसली.

"अक्का, गप्प बस ना," काचवाला म्हणाला. "मला काय ते आज कळतंय का? मी रोज यांच्या पाठीमागेच बसतो. दुपारी पंख्याखाली पिना ढिल्या झाल्या की दिसतं. दुकानात सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण कुणी बोलून दाखवत नाही. माणूस चांगलं असलं की झालं."

बिचारा! त्याच्या परीने तो तिची बाजू घेत होता.

धाकटीचा हात मागे गेला. बोटं त्या जागेवर टेकली आणि तिथेच राहिली. "ताई?" ती म्हणाली. थोरली बशीत सांडलेला चहा निरखत बसली. धाकटी आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

काचवाला दाराशी गेला. "अहो, मला खरंच काही फरक पडत नाही."

"मला पडतो," आतून आवाज आला. "जा तुम्ही."

रोज दुपारी तो आपल्याकडे बघायचा आणि ती मनातल्या मनात फुलायची. तो हे बघत होता. आता त्याच्या चांगुलपणाचीच तिला किळस आली. बाहेर तो बराच वेळ थांबला, मग बहिणीमागून जिना उतरला.

थोरली कप विसळत होती तेव्हा धाकटी बाहेर आली. तिने अंबाडा ओरबाडून सोडला होता.

"कधीपासून आहे?"

"दोनेक वर्षं."

"आणि आज मुद्दाम वर बांधलेस."

"हो." थोरलीने खोटं बोलायचे कष्टही घेतले नाहीत. "पार्लरवाली सांगेलच की तुला. म्हटलं, आपणच सांगावं."

"तो तरीही हो म्हणत होता," धाकटीचा आवाज फाटला. "कळतंय का तुला? तरीही हो म्हणत होता तो!"

थोरलीच्या हातातला कप क्षणभर थांबला. हे तिच्या हिशेबात नव्हतं. मग तिने तो नीट उपडा ठेवला.

"मग जा ना," ती म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत पण पोचले नसतील. जा, हाक मार. अशीच जा."

धाकटी धावली. तिने कडी काढली, दार उघडलं. जिन्यात खालच्या मजल्यावरची बाई शेजारणीशी बोलत उभी होती. काहीतरी विनोद झाला असावा, दोघी खदखदून हसत होत्या. त्यांच्यापुढून पाठ दाखवत खाली उतरायचं होतं. जिना मोजून दोन वळणांचा. धाकटीने एक पाय बाहेर टाकला. मागे थोरली ओला हात पदराला पुसत शांत उभी होती.

"ताई, पटकन दोन पिना लाव ना," धाकटी रडत म्हणाली. "दोनच. तो जाईल गं."

"पटकन होत नाही ते," थोरली म्हणाली. "आधी दार लाव."

धाकटीने दार लावलं.