अठरा जिन्नसांचं क्रीम

मावशीच्या क्रीममध्ये अठरा जिन्नस होते आणि अठराही ती बोटांवर मोजून दाखवायची, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. कोरफडीचा गर, मध, मेण, खोबरेल तेल, इथवर ठीक होतं. पुढे लिंबाचा रस यायचा, मग पुदिन्याचा अर्क, लवंगेचं तेल, दालचिनीचं तेल. कुणी गुण आला नाही म्हणालं की मावशी एक जिन्नस वाढवायची. काढायची मात्र कधीच नाही. "सगळं झाडापानांतलं आहे," ती म्हणायची. "झाडापानांनी कधी कुणाचं वाईट केलंय?" खाजकुइली हेही झाडच असतं, हे तिला सांगायची कुणाची छाती नव्हती.

घराच्या मागच्या खोलीत ती वीस वर्षं साबण आणि क्रीम बनवत होती. साबणाच्या सोड्याने तिचे हात इतके निबर झाले होते की उकळतं पातेलं ती फडक्याशिवाय उतरवायची. नवं क्रीम झालं की त्याच हाताच्या मनगटावर बोटभर लावून पाच मिनिटं थांबायची. काही झालं नाही की पास. आता त्या मनगटाला होणार तरी काय? त्याने आजवर एकाही क्रीमला नापास केलेलं नव्हतं.

अशा घरात भाची नोकरीसाठी राहायला आली, ती लहानपणापासूनची नाजूक कातडी आणि गालभर पुटकुळ्या घेऊन. नोकरी चष्म्याच्या दुकानात. फ्रेम नीट बसवायची तर गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर तोंड न्यावं लागतं, आणि नवा चष्मा लावल्यावर माणसाला पहिल्यांदा स्वच्छ काय दिसत असेल तर चष्मा बसवणारीचे गाल. एक आजोबा काच पुसून पुन्हा तिच्याकडे बघत म्हणाले होते, "नंबर बरोबर आहे हो पोरी." बिचारे मनापासून म्हणाले होते. ती मात्र दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन रडून आली.

मावशीने तिला पहिल्याच दिवशी डबी दिली आणि सकाळ-संध्याकाळ समोर बसवून स्वतःच्या हाताने क्रीम चोळायला सुरुवात केली. चेहरा पेटल्यासारखा व्हायचा. "झोंबतंय म्हणजे काम करतंय," मावशी म्हणायची. दोन महिन्यांत गाल टोमॅटोसारखे झाले. मावशीने क्रीममध्ये अठरावा जिन्नस घातला तो तेव्हाच. भाची तरी रोज गाल पुढे करायची. परक्या घरात कोण कुणाला स्वतःच्या हाताने क्रीम लावतं? मावशीने जीव लावला होता, आणि जीव लावणाऱ्या माणसाला तुझ्या हाताने माझं तोंड भाजतंय असं कसं सांगायचं, हे तिला कळत नव्हतं.

मग दुकानाने तिला आठ दिवस दुसऱ्या गावी शिकायला पाठवलं आणि डबी घरी राहिली. तिने नुसत्या कोमट पाण्याने तोंड धुतलं. पाचव्या दिवशी आग थांबली. परत आल्यावर ती दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी अठरा नावांची यादी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "हे सगळं बंद." त्यांनी एक बिनवासाचं साधं मलम लिहून दिलं.

मावशीला ती म्हणाली, "मी आता मोठी झालेय, माझी मीच लावते." मग रोज एक चमचा क्रीम कागदात गुंडाळून कचऱ्यात जायला लागलं, डबी वेळच्या वेळी संपायला लागली आणि चेहरा निवळायला लागला. पुटकुळ्या गेल्या नव्हत्या, पण लाली उतरली. मावशीचा आनंद काय सांगावा! येईल त्याच्यापुढे ती भाचीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायची. "आधीचे गाल बघायला हवे होते तुम्ही!" आणि एक दिवस तिने शंभर डब्यांची मोठी खेप करायला घेतली. छापखान्यातून लेबलंही आणली, 'नाजूक त्वचेसाठी खास'.

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या टेलरबाई त्यांच्या मुलीला घेऊन वर आल्या. मुलगी चौदा-पंधराची. कपाळावरचे केस तिने मुद्दाम डोळ्यांपर्यंत ओढलेले. केसांखालचं कपाळ लाल होतं, गाल लाल होते आणि ती जमिनीकडे बघून उभी होती. पोरीने शाळेच्या नाटकातलं काम सोडलं होतं.

"ताई, तुमच्या भाचीला बघून आलो," टेलरबाई म्हणाल्या. "हिचं काहीतरी करा. ही आरशावर टॉवेल टाकते हो."

"बैस गं इथे," मावशी म्हणाली. तिने ताज्या डबीचं झाकण काढलं. खोलीत लवंगेचा वास पसरला. "ही बघ माझी चिमणी. हिचं तर तुझ्यापेक्षा वाईट होतं." तिने बोट डबीत बुडवलं आणि दुसऱ्या हाताने मुलीचे केस मागे सारले.

मुलीने डोळे मिटून घेतले. ते मिटणं भाचीच्या ओळखीचं होतं.

"मावशी, थांब. ते लावू नकोस."

"का गं?"

"मी ते लावत नाही. तीन महिने झाले. त्यानेच माझा चेहरा भाजत होता. मी बंद केलं म्हणून बरा झाला."

मावशीचं बोट तसंच हवेत राहिलं. "अगं, डब्या तर संपत होत्या."

"मी टाकून देत होते."

टेलरबाईंनी मुलीचा हात धरला, "येतो मग," असं काहीतरी पुटपुटल्या आणि निघाल्या. भाचीने त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत जाऊन मुलीला डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. परत आली तेव्हा मावशी शंभर डब्यांसमोर स्टुलावर बसली होती.

"चारचौघांत माझं नाक कापलंस," मावशी म्हणाली. मग आवाज एकदम खाली आला. "तीन महिने मी लोकांना तुझं तोंड दाखवत फिरले, आणि तू मला फिरू दिलंस. आणि त्याआधी मी रोज चोळत होते, तेव्हा दुखत होतं?"

"खूप."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या मायेने लावायचीस की."

मावशी उठून आत गेली. भाचीने मनातल्या मनात सामानाची बॅग दोनदा भरली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघते तर मागच्या खोलीत मावशी लेबलं सोलत बसलेली. निम्म्या डब्यांवर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'फक्त तळपायांच्या भेगांसाठी'. बाकीच्या अजून कोऱ्या होत्या.

"तळपायाला चालेल ना? का तेही नको?" तिने वर न बघता विचारलं.

"भेगा खोल नसतील तर चालेल."

मावशीने तेही लिहिलं. मग एक वाटी पुढे सरकवली. वाटीत तीनच जिन्नस होते: कोरफडीचा गर, सूर्यफुलाचं तेल आणि थोडं मेण. "माझं मनगट काही कामाचं नाही. तुझ्या कोपराच्या आतल्या बाजूला लाव. तीन दिवस वाट बघू. आणि खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून सांगशील तर याद राख."

तिसऱ्या दिवशी कोपराशी नाण्याएवढा लाल डाग उठला. भाचीने हात पुढे केला. मावशीने चष्मा लावून डाग पाहिला. तेल आणि मेण वेगवेगळं लावून आणखी सहा दिवस गेले, तेव्हा ठरलं की चोर कोरफड आहे. खिडकीतल्या सगळ्या कुंड्या कोरफडीच्या होत्या, मावशीने पोटच्या पोरांसारख्या वाढवलेल्या. तिने एका कुंडीतलं सुकलेलं पान खुडून टाकलं. मग म्हणाली, "बरं. कोरफड बाद."

त्याच संध्याकाळी ती आपण होऊन खाली टेलरबाईंकडे गेली आणि दारातच म्हणाली, "माझ्या क्रीमने माझ्याच भाचीचं तोंड पोळलं होतं. तुमची मुलगी वाचली ते तिच्यामुळे." वीस वर्षांत मावशी कुणापुढे 'चुकले' म्हणाली असेल तर ते या एकदाच. मुलगी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. केस अजून कपाळावरच होते, पण तिने मान वर करून विचारलं, "वरच्या ताईसारखं व्हायला मला किती दिवस लागतील?"

"लागतील बरेच," मावशी म्हणाली. मावशीच्या तोंडून असलं उत्तर कुणी कधी ऐकलं नव्हतं.

वर आल्यावर तिने भाचीला खिडकीपाशी बोलावलं. उजेड होता अजून. मावशीने हात उचलून तिच्या गालाकडे नेला, तशी भाची सवयीने मागे सरकली.

"काही नाही लावत गं," मावशी म्हणाली. "नुसता बघू दे."

तिचे हात कोरडे होते. भाचीने गाल पुढे केला.